पहिल्या दिवशी उजेड, चौथ्या दिवशी सूर्य

"सर, हांव पेपरांत कितें बरोवूं?"

बारावीची बायोलॉजी, उत्क्रांतीचा धडा, आमच्या फोंड्याच्या घराची पडवी. विचारणारी मुलगी 'बिलिव्हर्स'च्या घरातली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पेंटेकोस्टल धाटणीच्या नव्या प्रार्थनासभांना जाणाऱ्या मंडळींना इथे सरसकट बिलिव्हर्स म्हणतात. तिला घरी शिकवले होते की देवाने जग सहा दिवसांत केले आणि त्याला फार तर सहा हजार वर्षे झाली. पुस्तकात मात्र पृथ्वीचे वय कोटींच्या हिशेबात. तिच्या शेजारी बोरीचा एक कॅथलिक मुलगा बसला होता. पेन चघळत तो म्हणाला, "आमच्या पाद्रीन सांगलां, कांयच प्रॉब्लेम ना." उरलेले तिघे हिंदू. भांडण कधी पेटते याची वाट बघत बसलेले.

पुस्तकात आहे ते लिही, मार्क त्याचेच आहेत, असे सांगून मी वेळ मारून नेली. पण ती मार्कांचे विचारत नव्हती, हे मलाही कळत होते. दोघेही दर रविवारी प्रार्थनेला जातात, दोघांच्या बायबलचे पहिले पान तेच. मग एकाला अडचण का आणि दुसऱ्याला का नाही? त्याचे उत्तर द्यायला मला पुढे तीन-चार संध्याकाळी लागल्या. त्यात मीही बरेच नव्याने वाचले. मी ख्रिस्ती नाही, विज्ञानाचा मास्तर आहे. ते ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

बाहेरून बघणाऱ्याला हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा वाटतो. वर्तमानपत्रेही तसाच मांडतात. जवळ जाऊन पाहिले तर हा ख्रिस्ती लोकांचा आपसातला, घरातला वाद आहे, आणि त्यातला पहिला मुद्दा वाचनाचा आहे: हे पहिले पान कुठल्या जातीचे लिखाण आहे? आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातला सातबारा) एका डोळ्याने वाचतात आणि आरती दुसऱ्या. आरतीतल्या देवाच्या गळ्यात ब्रह्मांडांची माळ असते; ती किती किलोमीटर लांब, हे कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही म्हणून कोणाची भक्तीही कमी होत नाही. उताऱ्यावर मात्र चौरस मीटर चुकला तर भावाभावांत कोर्ट होते. बायबलातले पहिले पुस्तक 'उत्पत्ती', त्याचा पहिला अध्याय यांतला कोणता? सहा दिवसवाले म्हणतात, उतारा. उत्क्रांती मानणारे ख्रिस्ती म्हणतात, आरतीच्या जवळचे काहीतरी. दोघांनाही ते पान देवाचेच वाटते, म्हणून तर भांडण एवढे जिव्हारी लागते.

दुसऱ्या दिवशी मी माझे मराठी बायबल काढले आणि त्या मुलीला वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने दोन रकाने आखायला लावले. डावीकडे पहिला अध्याय. पहिल्या दिवशी उजेड. दुसऱ्या दिवशी अंतराळ, म्हणजे वरचे पाणी आणि खालचे पाणी वेगळे करणारा घुमट. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि झाडेझुडपे. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी मासे आणि पाखरे. सहाव्या दिवशी जनावरे आणि शेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. सातव्या दिवशी विसावा.

ती लिहिता लिहिता थांबली. "सर, सूर्य चौथ्या दिवशी? मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ कशी झाली?"

हा प्रश्न आजचा नाही. ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने तो तिसऱ्या शतकातच विचारला होता, आणि त्याचा सूर असा, की सूर्याविना पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला असे कोणता शहाणा माणूस शब्दशः धरील? डार्विनच्या सोळाशे वर्षे आधीचा हा माणूस. त्याच्यावर विज्ञानाचे कसलेही दडपण नव्हते. त्याने फक्त नीट वाचले होते.

मग उजवा रकाना, दुसरा अध्याय. इथे देव कुंभारासारखा माती घेऊन आधी माणूस घडवतो, त्याच्या नाकात श्वास फुंकतो. मग बाग लावतो. मग माणूस एकटा आहे म्हणून जनावरे आणि पाखरे घडवून त्याच्यापुढे आणतो, तो त्यांना नावे देतो. आणि सर्वांत शेवटी त्याच्या फासळीपासून बाई. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की क्रम जुळत नाही, हे बारावीच्या मुलीलाही दिसते. मूळ हिब्रूत एक शाब्दिक कोटीही आहे: 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'अदामा' म्हणजे माती. मातीचा माणूस, मातीवरून नाव.

शब्दशः वाचणाऱ्यांकडे याला उत्तर आहे आणि ते मांडायला हवे. त्यांच्या मते दुसरा अध्याय ही वेगळी हकीकत नाही. पहिल्या अध्यायातल्या सहाव्या दिवसाचेच जवळून घेतलेले चित्र आहे, आणि जनावरे 'घडवली' याचा अर्थ 'आधी घडवली होती' असा घ्यायचा. व्याकरणाने ते ओढूनताणून बसवता येते. मला पटत नाही, पण अशक्य आहे असेही म्हणता येत नाही.

डाव्या रकान्याकडे पुन्हा पाहिले की आणखी एक घडण दिसते. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्या भरतात. पहिल्या दिवशी उजेड-अंधार, चौथ्या दिवशी त्यांत सूर्य-चंद्र. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी त्यांत पाखरे आणि मासे. तिसऱ्या दिवशी जमीन, सहाव्या दिवशी तिच्यावर जनावरे आणि माणूस. आधी घर, मग बिऱ्हाड. बरेच अभ्यासक म्हणतात की लिहिणाऱ्याला दिनदर्शिका सांगायचीच नव्हती, मांडणी सांगायची होती.

आणि सूर्य-चंद्रांना तिथे नावच नाही. मराठी बायबलात 'दोन मोठ्या ज्योती' एवढेच येते. हिब्रूत सूर्याला आणि चंद्राला शब्द नव्हते असे नाही; होते, पण आजूबाजूच्या लोकांत तेच शब्द देवांची नावे म्हणून चालत. शेजारच्या बाबिलोनमध्ये सृष्टीची कथा देवांच्या लढाईची होती. मार्दुक तियामत नावाच्या देवतेला मारून तिच्या देहाचे आकाश आणि पृथ्वी करतो. त्या मातीच्या पाट्या निनवेच्या उत्खननात एकोणिसाव्या शतकात सापडल्या आणि १८७६ साली जॉर्ज स्मिथने भाषांतर छापले, तेव्हा युरोपातल्या पाद्र्यांना पहिल्यांदा कळले की उत्पत्तीचा लेखक कोणाशी बोलतो आहे. सूर्य देव नाही, टांगलेला दिवा आहे; लढाई झाली नाही, शब्द उच्चारला आणि झाले. पटो न पटो, पण त्या लेखकाचा वाद बाबिलोनच्या पुरोहितांशी होता. डार्विन त्याच्या स्वप्नातही नव्हता.

आता वर्षांचा हिशेब. सहा हजार हा आकडा बायबलात कुठेही सरळ लिहिलेला नाही. तो बेरजेने काढतात. पाचव्या अध्यायात वंशावळ आहे: आदाम १३० वर्षांचा असताना शेथ झाला, शेथ १०५ वर्षांचा असताना अनोश, असे करत करत नोहाच्या जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षे होतात. पुढच्या पिढ्या आणि राजे जोडत आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० साली जाहीर केले की सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये, ऑक्टोबरच्या २३ तारखेच्या आदल्या संध्याकाळी सुरू झाली. आज लोक त्याला हसतात. मी हसणार नाही. त्याच्या हाती असलेल्या साधनांनी त्याने केलेला तो प्रामाणिक हिशेब होता, आणि त्या काळी कितीतरी विद्वान हेच गणित करत होते. गंमत एवढीच की जुन्या ग्रीक भाषांतरात त्याच वंशावळीचे आकडे वेगळे आहेत आणि प्रलयापर्यंतची बेरीज सुमारे सहाशे वर्षांनी वाढते. शब्दशः घ्यायचे, तर कुठल्या पोथीचा शब्द?

इथे गोव्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून मडगावला जाताना राय गाव लागते आणि तिथून आत रायतूर. तिथल्या छापखान्यात १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ख्रिस्तपुराण छापले गेले. मराठीत, ओव्यांत, अकरा हजारांच्या घरात. हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे गेली होती, त्या जागी त्याने हे नवे ठेवले. कशा परिस्थितीत गेली, तो इतिहास गोमंतकीयांना सांगायला नको. पण त्या ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टीची, आदामाची कथा आहे. म्हणजे ज्या पानावरून आज अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या, ते आमच्या सासष्टी तालुक्यात चारशे वर्षांपूर्वी मराठी ओव्यांत ऐकले जात होते. आणि त्याच १६१६ च्या मार्च महिन्यात रोममध्ये, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारे कोपर्निकसचे पुस्तक दुरुस्तीपर्यंत रोखून धरण्याचा हुकूम निघाला. बायबलात सूर्य फिरतो, सबब पृथ्वी फिरत नाही, असा तो युक्तिवाद. आज सहा दिवसवाल्यांपैकीही फारसे कोणी तो धरत नाही. आपण त्या ओळी रूपक म्हणून वाचायला कधी लागलो, हे कोणाच्या ध्यानातही नाही.

ख्रिस्ती परंपरेतला सगळ्यात वजनदार आवाज म्हणजे संत ऑगस्टिन, ३५४ ते ४३०. उत्पत्तीच्या पुस्तकावर त्याने पुन्हा पुन्हा लिहायला घेतले, समाधान होईना. अखेर त्याचे मत असे ठरले की देवाने सगळे एका क्षणात निर्मिले. सहा दिवस हे घड्याळाचे नव्हेत, समजुतीचे आहेत. काही गोष्टी तर बीजासारख्या पेरून ठेवल्या, वेळ येताच त्या उगवल्या. त्याने एक ताकीदही देऊन ठेवली: आकाश, तारे, प्राणी यांबद्दल धर्माबाहेरच्या जाणत्या माणसापुढे बायबलाचा हवाला देऊन अडाण्यासारखे बोलू नका, मग तो तुमच्या बाकीच्या गोष्टींवर तरी का विश्वास ठेवील? उत्क्रांती मानणारे ख्रिस्ती ऑगस्टिनला आपला म्हणतात. पण हाच ऑगस्टिन जगाचे वय सहा हजार वर्षांच्या आतलेच धरत होता, हे ते सांगायला विसरतात. पूर्वजांना साक्षीला बोलावले की ते दोन्ही बाजूंनी साक्ष देतात.

कॅल्विनचे तसेच. सोळाव्या शतकातला हा प्रोटेस्टंट सुधारक सहा दिवस खरेच मानायचा. पण सूर्य-चंद्रांच्या 'मोठ्या ज्योती'वर भाष्य करताना म्हणाला की शनी चंद्रापेक्षा मोठा आहे हे खगोलशास्त्रज्ञ जाणतात. मोशे, म्हणजे परंपरेने ज्याला या पुस्तकाचा लेखक मानतात तो, साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे बोलला. म्हणजे पवित्र ग्रंथ ऐकणाऱ्याच्या पातळीवर उतरून बोलतो, हे शब्दशः वाचणाऱ्यालाही कुठेतरी कबूल करावेच लागते. किती उतरतो, यावर वाद.

पृथ्वीचे वय मोठे आहे हे डार्विनच्या आधीच खडकांवरून कळायला लागले होते, आणि कळलेल्यांत पाद्री पुष्कळ होते. त्यांनी वाटा शोधल्या. कोणी म्हणाले, एक दिवस म्हणजे एक युग. कोणी म्हणाले, पहिल्या आणि दुसऱ्या ओळींमध्ये अफाट काळ गेला, तो सांगायचा राहिला. सगळ्यात अजब वाट फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाची. आदामाला आई नव्हती, तरी त्याला बेंबी होती, तशी पृथ्वीही देवाने जुनी दिसेल अशीच नवी केली, जीवाश्मांसकट. १८५७ साली त्याने यावर आख्खे पुस्तक लिहिले. ते ना शास्त्रज्ञांना रुचले ना धार्मिकांना, कारण देव खडकांत खोटे पुरावे पुरून ठेवतो हे कोणत्या भक्ताला ऐकवेल? माझ्या पडवीत मात्र हा गॉस भलताच लोकप्रिय झाला. बेंबीचा प्रश्न त्या बोरीच्या पोराने पुढे आठवडाभर सोडला नाही.

१८५९ मध्ये डार्विनचे पुस्तक आले तेव्हा सगळे ख्रिस्ती खवळून उठले, ही समजूत अर्धवट आहे. खवळले बरेच. पण अमेरिकेत डार्विनची बाजू सगळ्यात जोरात मांडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे पक्का प्रेस्बिटेरियन, म्हणजे श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता. इंग्लंडात फ्रेडरिक टेम्पल उत्क्रांती मानूनही पुढे कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू झाला. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स नावाच्या शिक्षकावर खटला चालला, त्यात बायबलाची बाजू घेऊन उभा राहिलेला ब्रायनसुद्धा साक्षीत म्हणाला की ते दिवस चोवीस तासांचेच असे तो समजत नाही.

मग आज जो कडक सहा-दिवस-सहा-हजार-वर्षे पंथ दिसतो तो आला कुठून? तशी श्रद्धा जुनीच. पण तिला 'विज्ञान' म्हणून उभी करणारी चळवळ विसाव्या शतकातली. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथातल्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइसने सगळे खडक आणि जीवाश्म नोहाच्या प्रलयात साचले असे मांडले. १९६१ साली जॉन व्हिटकम हा धर्मपंडित आणि हेन्री मॉरिस हा पाण्याचा इंजिनियर यांनी तीच कल्पना नव्याने पुस्तकरूपात आणली आणि ती झपाट्याने पसरली. पुढे संग्रहालये झाली, २०१६ मध्ये केंटकीत नोहाचे तारू बायबलातल्या मापाने लाकडात उभे राहिले. इंटरनेटवरून, भाषांतरित पुस्तकांवरून आणि उपदेशांवरून ते सगळे माझ्या पडवीपर्यंत आले. सगळेच बिलिव्हर्स तसे मानतात असे नाही, पण त्या मुलीच्या घरी मानत होते. तिला जे सनातन वाटत होते त्यातले बरेचसे माझ्या वडिलांहून वयाने लहान निघाले.

त्या मुलाच्या पाद्रीची बेफिकिरीही काही आभाळातून पडलेली नाही. कॅथलिक चर्चची चाल सावकाश असते. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी एका परिपत्रकात म्हटले की माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून आले का, याचा अभ्यास करायला हरकत नाही. आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ कल्पनेपेक्षा अधिक काही ठरला आहे असे सांगितले. २०१४ मध्ये फ्रान्सिस म्हणाले, देव म्हणजे जादूची कांडी घेतलेला जादूगार नव्हे. आणि ज्या महास्फोटाच्या सिद्धान्ताला लोक नास्तिकांची खेळी समजतात, त्याची पायाभरणी जॉर्ज लमेत्र या बेल्जियन कॅथलिक धर्मगुरूने १९२७ ते १९३१ दरम्यान केली. त्याचे गणित पुढे करून पोपने सृष्टीच्या आरंभाचा दाखला दिला तेव्हा उलट लमेत्रच अस्वस्थ झाला. विज्ञानाला धर्माचा साक्षीदार करू नये, असे त्याचे म्हणणे.

उत्क्रांतीच्या बाजूचा पुरावा किती, हे इथे सगळे सांगत बसत नाही. दोन गोष्टी पुरतील. एक आमच्या पायाखालची. मोले ते अनमोड घाटाच्या पट्ट्यात जे पट्टेदार नाईस खडक उघडे पडले आहेत, त्यांतले काही तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. हा आकडा जवळपास असाच १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून काढला. युरेनियमचे शिसे ठरावीक वेगाने होते, किती झाले ते मोजले की किती वेळ गेला ते कळते. मेणबत्ती किती जळली यावरून वेळ काढावा तसे.

दुसरी गोष्ट मास्तराला लगेच पटणारी. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे असेल तर आम्ही काही म्हणत नाही. पण एकाच ठिकाणी तीच चूक असेल, तर एकाने दुसऱ्याचे पाहिले, नाहीतर दोघांनी तिसऱ्याचे पाहिले. कुत्रा, गाय, शेळी यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होते. माणसात होत नाही, म्हणून आपल्याला आवळा आणि लिंबू लागते. त्याचे शेवटचे पाऊल टाकणारे जनुक आपल्यात आहे, पण मोडके. चिंपांझीत, गोरिलातही तेच जनुक मोडके आहे आणि मोडण्याच्या खुणा जुळतात. शिवाय मोठ्या वानरांची गुणसूत्रे ४८ आणि आपली ४६. हिशेब चुकला म्हणून शोधले तर आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन गुणसूत्रे जोडून झालेले निघाले. दोन कापडे शिवल्यावर मध्ये काठ राहतात तसे, टोकाला असायचे ते तुकडे ऐन मध्यभागी सापडतात. हे सांगणाऱ्यांत पुढे असलेला फ्रान्सिस कॉलिन्स, ज्याने मानवी जनुकसंच उलगडण्याच्या प्रकल्पाचे नेतृत्व केले, तो इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलाला घट्ट धरणारा ख्रिस्ती आहे. २००७ साली त्याने बायोलोगोस ही संस्था काढली ती याचसाठी, की मुलांना येशू आणि जीवशास्त्र यांतले एक निवडायची वेळ येऊ नये.

यालाच देवाधीन उत्क्रांती म्हणतात. शब्द बोजड आहे. कल्पना आमच्या शेतात दिसते. ऑगस्टमध्ये रायला कणसांचे फेस्त होते. पाद्री मिरवणुकीने शेतात जातो, नव्या भाताची कणसे आशीर्वाद देऊन कापतो, घरोघरी वाटतात. चतुर्थीत आमच्याकडेही नवी कणसे देवापुढे येतात. दोन्हीकडे लोक म्हणतात, देवाने पीक दिले. म्हणून भात बियाण्यातून आले नाही, पाऊस ढगातून पडला नाही, असे कोणी म्हणतो का? तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्विनासने हेच तर्काने बांधून ठेवले. देव पहिले कारण, निसर्ग दुसरे कारण. एकाने केले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. भाताला जे लागू, ते सगळ्या जीवसृष्टीला का नको, असे देवाधीन उत्क्रांतीवाले विचारतात.

इथवर आले की शहरी सुशिक्षित वाचकाला वाटते, झाले, वाद मिटला. मिटत नाही, आणि मला शब्दशः वाचणाऱ्यांबद्दल खरा आदर इथून पुढे वाटू लागला. सहा दिवसांचा प्रश्न सोपा होता. अवघड आहे आदाम.

ख्रिस्ती धर्माची गोष्ट अशी जोडलेली आहे: आदामाने मना केलेले फळ खाऊन देवाची आज्ञा मोडली, पाप आले, पापातून मृत्यू आला, आणि ते पाप फेडायला ख्रिस्त आला. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तसे स्पष्ट म्हटले आहे: एका माणसामुळे पाप आणि पापामुळे मरण. आता जीवाश्मांत माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधी मरण आहे. शिकार आहे, रोग आहेत, डायनासोरच्या हाडांत गाठी आहेत. उत्क्रांती तर मरणावरच चालते. मग पापाने मरण आणले म्हणजे काय? आणि आजच्या माणसांच्या जनुकांतली विविधता पाहिली तर आपले पूर्वज कधीही फक्त दोन इतके कमी झाले नसावेत, हजारोंत असावेत, असे बहुतेक संशोधकांचे अनुमान आहे. मग कोणत्या जोडप्याने फळ खाल्ले?

सहा दिवसवाला नेमके इथे बोट ठेवतो. पहिला आदाम रूपक म्हणालात, तर दुसरा आदाम म्हणजे ख्रिस्त, तोही उद्या रूपक होईल. पहिला धागा ओढलात की सगळे कापड उसवते. हा अडाणीपणा नाही, ही सुसंगतीची मागणी आहे. देवाधीन उत्क्रांतीवाल्यांची उत्तरे अनेक आहेत, आणि अनेक आहेत यातच अडचण कळते. कोणी म्हणते, ते मरण आत्म्याचे, देवापासून तुटण्याचे, शरीराचे नव्हे. कोणी म्हणते, हजारोंतून देवाने एका जोडप्याला निवडले, सरपंच गावाच्या वतीने सही करतो तसे त्यांनी सगळ्यांच्या वतीने केले. कोणी म्हणते, आदाम म्हणजे प्रत्येक माणूस. कॅथलिक चर्चही इथे तितके बेफिकीर नाही. १९५० च्या त्याच परिपत्रकात पायस यांनी बजावले होते की मानवजात अनेक मूळ जोडप्यांतून आली हे मत आदिपापाच्या शिकवणीशी कसे जुळवायचे ते दिसत नाही. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आजही असे आहे की आदामाच्या पतनाची कथा प्रतिमांच्या भाषेत आहे, पण ती सांगते ती घटना मानवाच्या आरंभी खरोखर घडली.

हे मी त्या कॅथलिक पोराला सांगितले तेव्हा त्याने पेन चघळायचे थांबवले. "म्हणजे प्रॉब्लेम आसा," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटले. "तुझ्या पाद्रीला विचार. त्याला माहीत असणार."

मुलगी वहीतले दोन रकाने बघत होती. मध्येच तिने मान वर केली. "सर, आदाम हजारांतला एक होता असे धरले, तर त्याला आई असणार. मग तिने पाप केले नव्हते का?"

मी तिला सांगितले की या प्रश्नावर आज मोठमोठे धर्मपंडित पुस्तके लिहीत आहेत. तिला ते उत्तर पुरेसे वाटले नाही, तोंडावरून दिसत होते. साडेसहाची कदंबा बस चुकली तर पुढची आठला, म्हणून तिने वही पिशवीत कोंबली. "बाय, पेपरात ठरले ना काय लिहायचे?" मी विचारले.

"ते कधीच ठरले सर," ती चपला घालत म्हणाली. "आईचे सांगा."